कमरेला पट्टा मिळाला, पण म्हाताऱ्या माणसाला चालायला शिकवणार कोण?

बीड : ऊसतोडीला टोळ्या गेल्या की आपल्या डोंगरपट्ट्यातली गावं अर्धी रिकामी होतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, कुठंही जाऊन बघा. मागं राहतात म्हातारी माणसं, शाळकरी लेकरं आणि दावणीची जनावरं. दिवाळीपासून पार पाडव्यापर्यंत घर चालतं ते साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसावर. शेण काढणं, पाणी भरणं, चारा टाकणं, नातवाला शाळेत धाडणं, रेशनच्या रांगेत उभं राहणं, सगळं त्याच्याच अंगावर. आणि ह्याच माणसाला सकाळी बाजेवरून उठताना कंबर धरावी लागते, मान वळवता येत नाही, न्हाणीपर्यंत जायचं तर भिंत धरावी लागते. तो पडला तर घर बसलं. पोरगा साखर कारखान्यावर, उचल घेतलेली, मुकादम सोडत नाही.

सरकार या माणसांसाठी काहीच करत नाही, असं म्हणता येणार नाही. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना एसटी फुकट आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं ७० वर्षांवरच्या सगळ्यांसाठी, उत्पन्नाची अट न लावता, आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं. त्यात वर्षाला ५ लाखांपर्यंतचा दवाखाना होतो. तिन्ही योजना चांगल्या आहेत. पण एसटीची पायरी बघा. गुडघ्याच्या वर. फुकट तिकीट असून ती पायरी चढता येत नाही म्हणून घरी बसलेली माणसं प्रत्येक गावात आहेत. पायरी चढायला लागतं ते मांडीतलं बळ आणि एका पायावर क्षणभर तोल धरायची ताकद. ती परत आणून देणारी योजना आपल्याकडं कागदावर आहे, गावात नाही. या लेखात तोच विषय आहे.

वयोश्रीच्या तीन हजारांचं काय झालं?

आधी योजना नीट समजून घेऊ, कारण लाडकी बहीणच्या गर्दीत वयोश्री अनेकांच्या ध्यानातच आली नाही. ३१ डिसेंबर २०२३ ला ज्यांची ६५ वर्षं पूर्ण झाली आणि ज्यांच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत आहे, त्यांच्या बँक खात्यात एकदाच ३,००० रुपये टाकायचे, अशी ही योजना. त्या पैशातून काय घ्यायचं याची यादी दिलेली आहे. चष्मा, कानाचं यंत्र, काठी, ट्रायपॉड म्हणजे तीन पायांची काठी, वॉकर, व्हीलचेअर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा, कमरेचा पट्टा आणि मानेची कॉलर. वस्तू घेतल्याची पावती ३० दिवसांच्या आत पोर्टलवर चढवायची, नाहीतर पैसे वसूल करण्याची अट आहे. ही अट बऱ्याच जणांना माहीतच नाही. पैसे आले, मेसेज आला, विषय संपला, असं समजून माणसं मोकळी झाली.

आपल्या भागातल्या पाच-सहा वाड्या-वस्त्यांवर मी हा एकच प्रश्न घेऊन फिरलो, की तीन हजारांत काय आणलं? कुणाचे पैसे खताला गेले, कुणाचे औषधाला. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, घरात पैसा आला की तो गरजेच्या वाटेनंच जातो. ज्यांनी वस्तू आणल्या त्यांच्यात सगळ्यात जास्त दिसला तो कमरेचा पट्टा. आठ-पंधरा दिवस बांधला, उन्हाळ्यात घामोळं आलं, मग खुंटीला अडकवला. एका घरी वॉकरवर टॉवेल वाळत होता. उंबऱ्यावरून ते उचलता येत नाही आणि अंगणातल्या मुरमात त्याचे पाय रुततात, असं आजोबांचं म्हणणं. एक आजी मानेची कॉलर सकाळी घालून रात्री झोपताना काढत होत्या. किती दिवस घालायची हे कुणी सांगितलंच नव्हतं. आणि काठी तर दहातल्या आठ जणांनी चुकीच्या हातात धरलेली.

वस्तू दिली. ती वापरायची कशी आणि तिच्याशिवाय उठता-चालता यावं म्हणून अंगात बळ कसं आणायचं, हे सांगायला मात्र कुणी आलं नाही. शासन निर्णयात योगोपचार केंद्र, मनःस्वास्थ्य केंद्र असल्या ठिकाणच्या प्रशिक्षणालाही हे पैसे चालतात असं लिहिलेलं आहे. पण तसं केंद्र गावापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर हवं ना.

पट्ट्याबद्दल थोडं सविस्तर

७ डिसेंबर २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेनं जुन्या कंबरदुखीवर काय करावं आणि काय करू नये याची नियमावली काढली. जुनी म्हणजे तीन महिन्यांच्या वर चाललेली आणि हाड मोडणं, गाठ, जंतुसंसर्ग असं ठरावीक कारण नसलेली कंबरदुखी. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की अशा दुखण्यात कमरेचे पट्टे सरसकट देऊ नयेत, वजन लावून ताण देणं टाळावं, अफूच्या वर्गातली वेदनाशामकं देऊ नयेत. करावं ते काय? रुग्णाला दुखणं समजावून सांगणं, त्याला झेपेल असा व्यायाम शिकवणं, काही जणांना मालिश किंवा हातानं मणक्यावर केलेले उपचार, आणि गरजेपुरती साधी औषधं. ही नियमावली आली डिसेंबरात, आणि आपल्या राज्याची पट्टा देणारी यादी आली फेब्रुवारीत. दोन महिन्यांचं अंतर. यादी करणाऱ्यांनी ती वाचली होती की नाही हे आपल्याला ठाऊक नाही, पण पैसा नेमका उलट्या बाजूला गेला.

याचा अर्थ पट्टा फेकून द्या असा नाही. मणक्याचं हाड दबलं असेल, ऑपरेशन झालं असेल आणि डॉक्टरनं सांगितलं असेल तर पट्टा ठरलेल्या मुदतीपुरता बांधायचाच. पण 'कंबर दुखती म्हणून पट्टा' हे वर्षानुवर्षं चालवलं, तर माणूस पट्ट्याच्या भरवशावर हालचाल कमी करतो, आणि हालचाल कमी झाली की पाठीचं बळ आणखी जातं.

आपल्याकडं अजून एक शब्द फार बोकाळला आहे. 'गॅप'. "मणक्यात गॅप आलाय" असं म्हणत माणसं एक्स-रे प्लास्टिकच्या पिशवीत घालून या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरतात. कुणाला एल-चार, एल-पाच तोंडपाठ. हा गॅप म्हणजे दोन मणक्यांमधली गादी वयामानानं झिजलेली असते. २०१५ मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा तीन हजारांवर माणसांचे स्कॅन त्यात बघितले होते. वीस वर्षांच्या आसपासच्या ३७ टक्के जणांत ही झीज सापडली. साठीच्या ८८ टक्के जणांत आणि ऐंशीच्या ९६ टक्के जणांत. म्हणजे न दुखणाऱ्या पाठीतही गॅप असतोच. डोक्याचे केस पांढरे होतात तसं ते आहे. पण 'गॅप' ऐकलं की माणूस घाबरतो, आता उठलो-बसलो तर मणका निखळेल असं त्याला वाटतं, आणि तो बाज धरतो. साध्या कंबरदुखीत बाज धरणं हेच सगळ्यात वाईट. म्हाताऱ्या माणसाच्या पायातलं बळ दहा-बारा दिवस पडून राहिलं तरी दिसण्याइतकं उतरतं, आणि परत यायला महिने लागतात.

त्यात पुडीवाले आहेतच. "तीन पुड्या घ्या, चौथ्या दिवशी नांगर धरा." अशा पुड्यांत बऱ्याचदा स्टिरॉइड घातलेलं असतं, म्हणून तर जादूसारखा आराम पडतो. तेच स्टिरॉइड महिनोन् महिने पोटात गेलं की हाडं पोकळ होतात, साखर वाढते, आणि एक दिवस साधी घागर उचलताना मणका दबतो. जे खूप दिवसांपासून अशा पुड्या घेत असतील त्यांनी एकदम बंद करू नये, त्यानंही जिवाला धोका होतो. पुडी घेऊन सरकारी दवाखान्यात जा आणि डॉक्टरला खरं सांगा. मेडिकलवरून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्याही रोज-रोज चालत नाहीत. पोटात जखम होते, किडनीवर ताण येतो, बीपी वाढतो.

काठी कोणत्या हातात?

हे एवढं जरी या लेखातून घेतलंत तरी पुष्कळ झालं. उजवा गुडघा किंवा उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात धरायची. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. आपल्याला उलटं वाटतं, दुखऱ्या बाजूलाच टेकू द्यावा असं वाटतं. पण चालताना आपला उलटा हात आणि उलटा पाय बरोबर पुढं जातो. दुखरा पाय टाकताना समोरच्या बाजूची काठीही टेकली की काही भार काठी घेते. काठीची उंची बघायची तर सरळ उभं राहून हात खाली मोकळा सोडायचा. काठीचं टोक मनगटाच्या घडीपाशी आलं पाहिजे. त्याहून उंच असली तर खांदा आणि मान दुखणार, बुटकी असली तर माणूस वाकणार. खालचं रबरी बूच गुळगुळीत झालं की बदलायचं, वीस-तीस रुपयांची गोष्ट आहे. शेणानं सारवलेल्या किंवा फरशीच्या ओल्या जमिनीवर बुचाशिवायची काठी म्हणजे घसरगुंडी. पायरी चढताना आधी चांगला पाय वर, उतरताना आधी दुखरा पाय खाली.

मानेचं दुखणं जरा वेगळं बघावं लागतं. आपल्याकडं ते बरचसं कष्टातून आलेलं आहे. ऊसतोडीत बायकांनी जन्मभर डोक्यावर मोळ्या वाहिल्या, फळीवरून चढून ट्रकमध्ये टाकल्या. पुरुषांनी पाठीवर फवारणीचा पंप नेला. ती मान साठीनंतर कुरकुरणारच. कॉलरनं तात्पुरतं बरं वाटतं, पण रोज दिवसभर घातली तर मानेचे स्नायू कामच विसरतात. मानेच्या बाबतीत लक्ष ठेवायचं ते हातांवर. सदऱ्याची गुंडी लावता येईना, पोळपाटावर लाटणं नीट धरता येईना, हातातली वस्तू पडायला लागली आणि त्याच सुमारास चालताना पाय ताठ पडून झोक जायला लागला, तर मानेच्या मणक्यात मज्जारज्जू दाबला गेला असण्याची शक्यता असते. हे वयामुळं होतंय म्हणून सोडून देऊ नका. कधी कधी अशा माणसाची मान फार दुखतही नाही, म्हणून तर उशीर होतो.

बारा सेकंदांची परीक्षा

घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा तोल कसा आहे हे मोबाईलवर बघता येतं. प्लास्टिकची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. तिथून १० फुटांवर जमिनीवर खडूची रेघ मारा. माणसाला खुर्चीत बसवा, पायात रोजची चप्पल, हातात रोजची काठी असली तर असू द्या. मोबाईलचं घड्याळ सुरू करा आणि उठायला सांगा. उठून, रेघेपर्यंत आपल्या रोजच्या चालीनं जाऊन, वळून, परत येऊन बसायचं. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेचा, म्हणजे सीडीसीचा ठोकताळा असा की याला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर तो माणूस पडण्याचा धोका आहे. परीक्षा घेताना शेजारी उभं राहा. दुसरी परीक्षा आणखी सोपी आहे. एका पावलाच्या बोटांपुढं दुसऱ्या पावलाची टाच लावून, एका रेघेत, १० सेकंद उभं राहता येतं का? आधाराला खांब जवळ हवा. राहता आलं नाही तर तोही धोक्याचाच इशारा.

उपाय पैशाचा नाही. भक्कम खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं. पाच वेळा जमलं तर दहा. सुरुवातीला हात टेकून चालेल. दाराची चौकट धरून टाचा उचलायच्या, मग पाय बाजूला उचलायचा. चौकट धरून एका रेघेत पावलं टाकायची, पुढं धरायचं कमी करत जायचं. याच्या जोडीला रोजचं चालणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनेत ६५ वर्षांवरच्या माणसांनी तोल आणि बळ वाढवणारे व्यायाम आठवड्यातून किमान ३ दिवस करावेत असं आहे. आणि ते करून फरक पडतो का, याचंही उत्तर आहे. २०१९ मध्ये जगभरच्या १०८ चाचण्या एकत्र तपासल्या, त्यात तेवीस हजारांवर माणसं होती. व्यायाम करणाऱ्यांत पडण्याचं प्रमाण साधारण पावपट कमी झालं. पट्ट्याच्या मागं असला पुरावा नाही.

यावर गावात हमखास येणारं उत्तर मला ठाऊक आहे. "आम्ही जन्मभर रानात राबलो, आम्हाला कसला व्यायाम शिकवता?" रानात राबून अंग दणकट होतं हे खरंच. पण खुरपणी, कापूस वेचणी, ऊसतोड ही सगळी कामं वाकून करायची आहेत. त्यात पाठ आणि मान झिजते, आणि तोलाची तालीम तेवढी होत नाही. आणि एकदा माणूस रानातून ओट्यावर आला की चाळीस वर्षांची कमाई दोन-तीन वर्षांत ओसरते. ओट्यावर बसलेल्या पैलवानाची मांडीसुद्धा उतरतेच की.

बायकांचं तर पुढं अजून अवघड होणार आहे, आणि इथं आपल्या जिल्ह्याची जुनी जखम उघडावी लागते. २०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनांचा विषय गाजला. सरकारी पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कित्येक जणी चाळिशीच्याही आतल्या होत्या. तेव्हा चर्चा झाली ती डॉक्टरांच्या लुटीची आणि मुकादमाच्या दंडाची. हाडांचा विषय मागंच राहिला. गर्भपिशवीबरोबर अंडाशयही काढलेलं असेल तर पाळी जाण्याच्या वयाच्या कितीतरी आधीच हाडं ठिसूळ व्हायला लागतात. या बायका पुढच्या दहा-पंधरा-वीस वर्षांत साठीला येतील. कमरेत वाक, मणका दबणं, खुब्याचं हाड मोडणं यांची लाट आपल्या तालुक्यांत येणार आहे आणि तिची यादी सरकारकडं आत्ताच तयार आहे. ज्या बहिणींचं असं ऑपरेशन झालंय त्यांनी साठीची वाट न बघता हाडांच्या तपासणीबद्दल डॉक्टरला विचारावं.

प्रश्न विचारला जातो, पुढं काय होतं?

आशाताई घरी येऊन एक फॉर्म भरतात. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा. तंबाखू खाता का, कमरेचा घेर किती, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का. त्याच फॉर्ममध्ये ६० वर्षांवरच्या माणसांसाठी वेगळे प्रश्न आहेत. उभं राहताना किंवा चालताना तोल जातो का? हालचालीवर मर्यादा येईल असं काही अपंगत्व आहे का? रोजच्या कामाला दुसऱ्याची मदत लागते का? म्हणजे नेमका प्रश्न सरकारला माहीत आहे, तो घरोघर विचारलाही जातो. 'हो' लिहिलं की ते मोबाईलमध्ये चढतं. पुढं त्या 'हो'चं काय होतं?

नियमानं व्हायला हवं ते असं. वृद्धांच्या आरोग्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे. त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांची तपासणी, ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून दोनदा, तिथंच फिजिओथेरपीची सोय, अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाणारा पुनर्वसन कर्मचारी, आणि जिल्हा रुग्णालयात १० खाटांचा वॉर्ड, असं ठरलेलं आहे. तुमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाच्या भिंतीवर वृद्धांच्या ओपीडीचा वार लिहिलेला आहे का, पुढच्या खेपेला बघून या. अंबाजोगाईजवळ लोखंडी सावरगावला वृद्धांसाठी खास केंद्र उभारलंय, कोरोनात तिथंच कोविड रुग्णालय होतं. पण आष्टीच्या माणसाला ते जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. कंबर दुखते म्हणून दीडशे किलोमीटर एसटीत बसून जायचं, तर जाईपर्यंतच कंबर मोडायची.

वय वंदना कार्डही मधल्या जागेला उपयोगी पडत नाही. ते भरती झाल्यावर चालतं. म्हातारा माणूस पडून खुब्याचं हाड मोडलं तर ऑपरेशन होईल, आणि ते व्हायलाच हवं. पण पडू नये म्हणून आधी, आणि ऑपरेशननंतर घरी आल्यावर दोन-तीन महिने उभं करून चालवून घ्यायला नंतर, त्या कार्डात कुणी नाही. हंगामात तर लेक-सूनही घरी नसतात. ऊसतोड मजुरांच्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृहं झाली, संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहांची योजना आली, चांगलं झालं. मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांचा विचार मात्र कुठल्याच बैठकीत होताना दिसत नाही. दर टनामागं कारखान्यांकडून ऊसतोड महामंडळासाठी पैसा घ्यायचं ठरलेलं आहे. त्यातला थोडा हिस्सा इकडं वळवायला काय हरकत आहे?

मोठा डॉक्टर गावोगाव मिळणार नाही हे मान्य. पण त्याची गरजही नाही. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठानं १९९० च्या दशकात घरच्या घरी करायचा असाच व्यायामक्रम बसवला. पायातलं बळ, तोल आणि चालणं, एवढंच त्यात आहे. एका चाचणीत व्यायाम शिकवायचा काहीच अनुभव नसलेल्या नर्सला फिजिओथेरपिस्टनं आठवडाभर शिकवलं, आणि ती ७५ वर्षांवरच्या माणसांच्या घरी ठरावीक दिवसांनी जाऊन व्यायाम घेऊ लागली. २००१ मध्ये त्याचा निकाल छापून आला. पडण्याचं प्रमाण ४६ टक्क्यांनी घटलं. आता आपल्याकडं बघा. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे, नर्स आहे, आशाताई आहेत. वृद्धांची काळजी हा त्यांच्या ठरलेल्या बारा सेवांपैकी एक भाग आहे. आरोग्य मंदिरात योगाचे वर्गही घ्यायचे असतात, फोटो येतात ग्रुपवर. त्या वर्गात सतरंजीवर खाली बसताच येत नाही, अशा माणसासाठी चार खुर्च्या आणि आठवड्याचे तीन दिवस ठेवले तर काम सुरू होईल. आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे, मोबदला तुटपुंजा. तेव्हा हे काम सांगताना त्याचे पैसेही वेगळे द्यावेत, फुकटात लादू नये.

घरातली दुरुस्ती मात्र कुणाची वाट न बघता करता येते. शौचालयं झाली, पण बरीचशी अंगणाच्या कोपऱ्यात, दारात उंच पायरी, आत गुळगुळीत फरशी, आणि उकिडवं बसून उठायला धरायला काहीच नाही. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून दीड-दोन फुटांचा लोखंडी पाइप भिंतीत पक्का बसवून घ्या, बादलीला धरून उठायची सवय मोडेल. रात्रीची लाईट जाते, उशापाशी बॅटरी ठेवा. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर झोपेतून उठताना आधी बाजेवर मिनिटभर बसायचं, मग उभं राहायचं. मोतीबिंदू पिकायची वाट बघत बसू नका, दिसलं नाही की पाय चुकतोच.

काही गोष्टी घरी थांबण्यासारख्या नाहीत. कंबरदुखीबरोबर लघवी तुंबली किंवा आपोआप व्हायला लागली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, पायातलं बळ एकाएकी गेलं, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठायचा. कंबरदुखीसोबत बारीक ताप, वजन उतरणं, रात्री झोपल्यावर वाढणारं दुखणं असेल तर मणक्याचा टीबी किंवा गाठ नाही ना हे तपासून घ्यायचं. टीबीचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. पडल्यानंतर उभं राहता येत नसेल, एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसत असेल, तर चोळू नका, ओढू नका, 'मणका बसवणाऱ्या'ला बोलावू नका. १०८ ला फोन करा.

येत्या ग्रामसभेत उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना बोलावून एवढंच विचारा, की आशाताईंच्या फॉर्ममध्ये 'तोल जातो का'पुढं आपल्या गावात किती जणांचं 'हो' आहे, त्यातल्या किती जणांची घरची माणसं सध्या ऊसतोडीला गेली आहेत, आणि त्यांच्या घरी कोण जाऊन आलं. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.